गोळीबरोबर बातमीही सुटते

परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचं नाव हल्ली निघतं ते साईबाबांच्या जन्मस्थानावरून. जानेवारी 2020 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीच्या विकासासाठी 100 कोटी रुपये जाहीर केले, शिर्डीकरांनी बंद पुकारला आणि हे तालुक्याचं गाव काही दिवस सगळ्या वाहिन्यांवर झळकलं. पण पाथरीवरून याहून मोठी भांडणं सोळाव्या शतकात झाली आहेत. अहमदनगरच्या निजामशाहीचं घराणं मूळचं पाथरीच्या कुलकर्ण्यांचं. त्यामुळे बुऱ्हाण निजामशहाला हे गाव आपल्या ताब्यात हवं होतं, आणि ते होतं वऱ्हाडच्या इमादशहाकडे. बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला तरी इमादशहा ऐकेना. पुढचं इतिहासकार फिरिश्ताने लिहून ठेवलं आहे. 1518 मध्ये निजामशाही फौज अहमदनगरहून निघाली ती वेरूळची लेणी पाहण्याचं निमित्त करून. वेरूळपासून पाथरी सरळ रेषेत दीडशे किलोमीटर. तिथून फौजेने अचानक मोहरा वळवला, लांब मजला मारत पाथरी गाठली आणि कोट घेतला. इमादशहाला कळलं तेव्हा काम झालेलं होतं.

1527 मध्ये इमादशहाने गोवळकोंड्याच्या कुतुबशहाला सोबत घेऊन पाथरी परत मिळवली. या वेळी लपवाछपवी काही नव्हती. मग बुऱ्हाणने पुन्हा उघड वेढा घालून ती घेतली आणि कोटच पाडून टाकला. एकाच गावावर चढाईच्या दोन्ही तऱ्हा दहा-बारा वर्षांत वापरून झाल्या.

आज पाथरीत काय, शेजारच्या मानवतला काय, संध्याकाळी कट्ट्यावर मोबाइल आडवा धरून बसलेली चार पोरं याच दोन तऱ्हांवरून वाद घालत असतात. एकाला सरळ रश मारायचा, म्हणजे थेट चाल करून जायचं असतं. दुसरा म्हणतो, थांब, अजून तीन स्क्वॉड जवळ आहेत, गोळी मारलीस की सगळे आपल्यावर येतील. खेळ बहुतेक वेळा बीजीएमआय, म्हणजे एकेकाळच्या पबजी मोबाइलचा भारतीय अवतार. 2 सप्टेंबर 2020 ला पबजी मोबाइलवर बंदी आली, जुलै 2021 मध्ये बीजीएमआय आला, 2022 च्या जुलैत तोही अ‍ॅपच्या दुकानांतून गेला आणि मे 2023 मध्ये परतला. बंदी आली-गेली, कट्ट्यावरचा वाद मात्र चालू राहिला. तो दिसतो त्यापेक्षा खोल आहे, कारण गोळीबाराच्या खेळात बंदूक दोन कामं करते. समोरच्याचं नुकसान करते, आणि आपण कुठे आहोत ते सगळ्यांना सांगते. पहिल्या कामाचे आकडे खेळाडूंना तोंडपाठ असतात. सामना मात्र बऱ्याचदा दुसऱ्या कामावर फिरतो.

या खेळातला एरंगेल हा नकाशा आठ किलोमीटर लांब, आठ किलोमीटर रुंद. त्यात शंभर जण उतरतात. सुरुवातीला बहुतेकांना बहुतेकांचा पत्ता नसतो. एकेएम रायफल धडधडली की आसपासच्या सगळ्यांना तीन गोष्टी एकदम कळतात: त्या बाजूला माणूस आहे, त्याच्याकडे अमुक बंदूक आहे, आणि तो आत्ता कुणाशी तरी गुंतलेला आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महाग. दोन स्क्वॉड भिडले की तिसरा शांतपणे येतो, दोघांचे अर्धमेले उरलेले टिपतो आणि दोघांचीही लूट नेतो. खेळाडू याला थर्ड पार्टी म्हणतात. त्यामुळे समोरच्याला तुम्ही किती लवकर पाडता यापेक्षा पाडताना किती जणांना बोलावता, हा हिशेब मोठा ठरतो.

मोबाइलवरच्या या खेळात आणखी एक सोय आहे. कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर आवाज दिसतो. जवळ पावलं वाजली तर पावलाची खूण, गाडी आली तर गाडीची, गोळी सुटली तर गोळीची. फोनच्या इवल्या स्पीकरवर दिशा ओळखणं कठीण म्हणून दिलेली ही सवलत. संगणकावरच्या मूळ पबजीत ती नाही. बंदुकीला सायलेन्सर लावला की ही खूण दूरच्या खेळाडूंच्या नकाशांवर उमटत नाही. म्हणजे मोबाइलवर सायलेन्सर कानांपासून लपवतो आणि डोळ्यांपासूनही.

मग सगळेच सायलेन्सर का लावत नाहीत? कारण नळीच्या टोकाला जागा एकच. तिथे सायलेन्सर तरी बसतो, नाहीतर कॉम्पेन्सेटर. कॉम्पेन्सेटर बंदुकीची उसळी कमी करतो, गोळ्या एका जागी पडतात. शांतता हवी तर हात हलणार, हात स्थिर हवा तर गाव जागं होणार. खेळ बनवणाऱ्यांनी मुद्दाम घातलेला हा पेच आहे, आणि तो खऱ्या बंदुकीशी जुळत नाही. खरा सायलेन्सर उसळीसुद्धा कमी करतो, कारण तो नळीतून वेगाने सुटणाऱ्या वायूंना अडवून सावकाश बाहेर सोडतो. खेळात तो खऱ्याइतका चांगला ठेवला असता तर दुसरं काही लावायला कारणच उरलं नसतं. इथे खेळाने खोटं बोलावं हेच बरोबर.

खऱ्या सायलेन्सरची गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम याने 1884 मध्ये पहिली स्वयंचलित मशीनगन बनवली. जगातल्या सर्वांत गोंगाटी हत्यारांपैकी एक, आणि तिच्या चाचण्या घेता घेता तो स्वतः जवळजवळ बहिरा झाला. त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम. त्याने 1909 मध्ये सायलेन्सरचं पेटंट घेतलं. बापाने आवाज वाढवला, मुलाने तो दाबायचा धंदा काढला.

सिनेमाने या नळकांड्याबद्दल भलताच समज पसरवला आहे. पडद्यावर ‘फुस्’ होतं आणि शेजारच्या खोलीतला माणूस पेपर वाचत राहतो. प्रत्यक्षात रायफलच्या गोळीचा आवाज 160 डेसिबलच्या घरात असतो आणि सायलेन्सर त्यातले साधारण 20 ते 35 डेसिबल कमी करतो. डेसिबलच्या मोजणीत दर 10 ला आवाजाची ताकद दहा पटीने बदलते, म्हणून ही घट प्रचंड आहे. तरी उरतो तो आवाज कानठळ्या बसवण्याजोगाच. शिवाय एक आवाज सायलेन्सरच्या हातातच नसतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर. एके जातीच्या रायफलची गोळी 715 मीटरने निघते. ध्वनीला मागे टाकून जाणारी गोळी हवेत स्वतःचा वेगळा ‘कडाड’ करत जाते, आणि तो वाटेवरच्या प्रत्येकाला ऐकू येतो. गंमत म्हणजे हा कडाड बंदुकीच्या दिशेने येत नाही, गोळीच्या मार्गावरून येतो. ऐकणाऱ्याला गोळीबार कळतो, गोळी मारणारा कुठे बसलाय ते नीट कळत नाही. खऱ्या सायलेन्सरचा उपयोग बराचसा हाच आहे.

हा कडाडही नको असेल तर गोळीच ध्वनीपेक्षा हळू सोडावी लागते. रशियन व्हीएसएस रायफल याच तत्त्वावर बनली आहे: जड, संथ गोळी आणि नळीभोवती कायमचा सायलेन्सर. पबजीत ती आहे आणि तिची गोळी सेकंदाला 330 मीटरने जाते. एडब्ल्यूएम या स्नायपरची 945 ने. तीनशे मीटरवर धावणाऱ्या माणसावर व्हीएसएस चालवली तर गोळी पोहोचायला जवळजवळ सेकंद लागतो, तोवर तो दोन-चार पावलं पुढे गेलेला असतो, आणि गोळीही बरीच खाली आलेली असते. म्हणून नवशिके तिला हसतात. पण शंभर मीटरच्या आत, गवतात पडून, ज्याला आपण दिसलोच नाही अशा माणसावर ती चालवणारा गडी वेगळाच त्रास देतो. मार खाणारा आधी गोल गोल फिरतो, मग चुकीच्या झाडामागे लपतो.

हाच सौदा सर्वांत स्वच्छ मांडलाय तो 2020 मध्ये आलेल्या व्हॅलोरंटने. त्यात फँटम आणि व्हँडल या दोन रायफली, दोन्हींची किंमत 2900. फँटमला सायलेन्सर आहे, तिच्या गोळ्यांची हवेतली रेघ शत्रूला दिसत नाही, तीस गोळ्या बसतात आणि त्या जास्त वेगाने सुटतात. व्हँडल गोंगाटी, तिची रेघ दिसते, गोळ्या पंचवीस. मग व्हँडल कोण घेईल? उत्तर आकड्यांत आहे. पूर्ण चिलखत घातलेल्या खेळाडूचा जीव 150. व्हँडलची डोक्यात बसलेली एक गोळी कितीही लांबून 160 चं नुकसान करते, माणूस तिथेच संपतो. फँटमची 15 मीटरच्या आत 156 करते, त्यापुढे 140, आणि 30 मीटरनंतर 124. म्हणजे पंधरा मीटरची रेघ ओलांडली की फँटमवाल्याला दुसरी गोळी लागते, आणि त्या दुसऱ्या गोळीपर्यंतच्या क्षणात समोरचा उलट मारतो. सायलेन्सरमुळे गोळीची ताकद अशी घटते याला खऱ्या जगात आधार नाही. इथेही न्यायासाठी विज्ञानाला बाजूला बसवलं आहे.

आवाजाला किंमत असते हे खेळांना फार लवकर कळलं होतं. 1993 च्या डूममध्ये तुम्ही गोळी झाडली की आवाज एका खोलीतून पुढच्या खोलीत, तिथून तिच्या पुढच्या खोलीत, ओट्यावर सांडलेल्या पाण्यासारखा वाट मिळेल तिकडे पसरतो. ज्या ज्या खोलीत तो शिरतो तिथला राक्षस सहसा जागा होतो, अंतर कितीही असो. वाट बंद असेल तर तो झोपलेला राहतो. तीस वर्षांपूर्वीच्या संगणकावर याहून बारीक हिशेब परवडत नव्हता, पण खेळाडूला धडा मिळायला एवढं पुरे होतं. लपून खेळण्याची दुसरी परंपरा जपानी. हिदेओ कोजिमाच्या 1987 च्या मेटल गिअरला लढाईचा खेळ व्हायचं होतं, पण त्या यंत्रावर एका वेळी फारशी माणसं आणि गोळ्या दाखवताच येत नव्हत्या. मग लढण्याऐवजी पहारेकऱ्यांना चुकवायचा खेळ झाला. यंत्राची अडचण होती, तिची पद्धत बनली.

आपल्याकडे चाळिशीच्या आसपासच्या माणसाला लपून खेळायला शिकवलं ते आयजीआयने. डिसेंबर 2000 मध्ये निघालेला हा नॉर्वेत बनलेला खेळ. पुढची काही वर्षं गावोगावच्या सायबर कॅफेंत तासाच्या भाड्यावर खेळला गेला. नायक डेव्हिड जोन्स एकटा, समोर अख्खा लष्करी तळ. कॅमेऱ्याने टिपलं किंवा एखाद्या शिपायाने भोंगा वाजवला की बराकीतून माणसं धावत येत. सायलेन्सर जडवलेली एमपी5 त्यात होती आणि तिला जपून वापरलं जाई. याचं खरं कारण बंदुकीत नव्हतं. मोहिमेच्या मध्ये खेळ जतन करायची सोयच नव्हती. चाळीस मिनिटं सरपटत गेलात आणि शेवटच्या दारात एक गोळी लागली तर पुन्हा पहिल्यापासून, आणि कॅफेचं मीटर चालूच. मरणं महाग असलं की माणूस हळू चालतो. आजच्या अनेक खेळांत मेल्यावर पाच सेकंदांत पुन्हा उभं राहता येतं, तिथे दबकून चालणारा मूर्ख ठरतो. चाल खेळाडूच्या स्वभावातून येते असं आपण समजतो. बरीचशी ती नियमांतून येते.

स्पर्धांतही हेच दिसतं. बीजीएमआयच्या मोठ्या स्पर्धांत संघाला शेवटपर्यंत टिकण्याचे गुण मिळतात आणि पाडलेल्या प्रत्येक शत्रूमागे एक. 2021-22 च्या सुमारास पहिल्या क्रमांकाला 15 गुण होते. 2023 पासून ते 10 वर आले. एवढा बदल झाला आणि कोपऱ्यात घर धरून बसणाऱ्या संघांचं गणित बिघडलं: लपून पहिलं येण्यापेक्षा आवाज करत सात-आठ जण पाडून तिसरं आलेलं परवडू लागलं.

लपणं म्हणजे शांत राहणं ही समजूत मला अपुरी वाटते. मराठी माणसाने या विषयावर लिहायला घेतलं की गनिमी कावा यायचाच, तर त्यातला नेहमी न सांगितला जाणारा भाग घेऊ. 5 एप्रिल 1663 च्या रात्री पुण्याच्या लाल महालात शाएस्ताखानावर छापा पडला. इतिहासकार खाफीखानाने दिलेल्या हकिकतीनुसार मावळ्यांची एक टोळी शहरात शिरली ती लग्नाच्या वरातीचं निमित्त करून, ताशे-वाजंत्री वाजवत. पुढे महालात कापाकापी सुरू झाल्यावर काही जण नगारखान्यात गेले, खानाचा हुकूम आहे म्हणाले आणि नगारे वाजवायला लावले. त्या गोंगाटात कोण कुणाला काय ओरडतंय ते कळेना. दहा वर्षांनी, मार्च 1673 मध्ये, कोंडाजी फर्जंद साठ माणसं घेऊन रात्री पन्हाळा चढला आणि वर पोहोचल्यावर त्याने कर्णे फुंकायला लावले. गडावरच्यांना वाटलं, मोठी फौज आली. लाल महालात आवाजाने खरी हालचाल झाकली, पन्हाळ्यावर आवाजाने माणसं वाढवली.

बीजीएमआयमध्ये चांगले खेळाडू हे दोन्ही करतात. रेड झोनमध्ये बॉम्ब पडायला लागले की नवशिके घरात दडून बसतात. जाणते त्याच वेळी गाडी काढतात, कारण त्या स्फोटांत इंजिनाचा आवाज बुडतो. स्क्वॉडमधला एक जण मुद्दाम सायलेन्सरशिवाय एका टेकडीवरून गोळ्या घालत राहतो, समोरच्यांची तोंडं तिकडे वळतात आणि बाकीचे तिघे दुसऱ्या बाजूने घरात घुसतात. खेळाचं क्षेत्र आकसत आकसत उरलेल्या शेवटच्या वर्तुळात, जिथे दहा-बारा जण फुटबॉलच्या मैदानाएवढ्या गवतात आडवे पडलेले असतात, तिथे दूर फेकलेला एक हातबॉम्ब निव्वळ आपल्या सरपटण्याचा आवाज झाकायला वापरतात. कट्ट्यावरच्या त्या वादात माझा कौल कुणा एकाच्या बाजूने नाही. गोंगाट केव्हा करायचा हे ज्याच्या हातात आहे तो सहसा जिंकतो. ज्याची बंदूक त्याच्याऐवजी ते ठरवते तो लूट मागे ठेवून घरी जातो. एवढं मात्र खरं, की एकटा खेळणाऱ्याला शांत बंदूक जास्त मानवते. त्याच्या मागे उभं राहून ‘कव्हर देतो’ म्हणणारं कुणी नसतं.

आता यात कानांचं काय होतं ते पाहू. पावलांची दिशा आपल्याला कळते ती दोन कानांवर आवाज किंचित वेगवेगळ्या वेळी पोहोचतो म्हणून. आवाज अगदी एका बाजूने आला तरी हा फरक सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा. हेडफोन हाच फरक बनवून दाखवतात, म्हणून स्पीकरवर खेळणारा आणि हेडफोन लावणारा यांचा सामना बरोबरीचा नसतो. ब्लूटूथवाले बहुतेक इअरबड आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाने किंवा त्याहूनही उशिरा पोहोचवतात. मुरलेले खेळाडू अजून वायरचे हेडफोन शोधतात ते यासाठी.

पण पाऊल हा खेळातला सर्वांत बारीक आवाज आणि गोळी सर्वांत मोठा, आणि दोन्ही एकाच बटणाने वाढतात. पावलं ऐकू यावीत म्हणून आवाज वर नेला की शेजारी फुटलेला बॉम्बही तेवढाच वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाला 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास चालतो, 90 चा 4 तास आणि 100 चा फक्त 20 मिनिटं. मुलांसाठी मर्यादा याहून खाली. हेडफोन घातल्यावर फोनचा आवाज साठ टक्क्यांच्या वर नेऊ नये, असंही ती सांगते. बीजीएमआय अठराखालच्यांना दिवसाला 3 तासांहून जास्त खेळू देत नाही, पण ते तीन तास कोणत्या आवाजात जातात याच्याशी त्याला घेणं नाही. तेव्हा घरात खेळणारं कुणी असेल तर त्याच्या फोनची आवाजाची पट्टी आज एकदा बघा. ती साठीच्या पुढे असेल तर मागे आणायला लावा, आणि दूरची पावलं ऐकू येत नाहीत अशी त्याने तक्रार केली तरी तिथेच ठेवायला सांगा.